चंद्र नसलेलं गाव

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा. डोळे मिटले तर वाचणार कसं, असं म्हणाल. मग उघडेच ठेवा, पण नजर जरा सैल सोडा, झोप लागण्याआधी सोडतो ना, तशी. आता एक गाव मनात आणा. त्या गावात घरं आहेत, पण भिंती नाहीत. माणसं आहेत, पण त्यांना चेहरे नाहीत. एकेक माणूस म्हणजे मोहरीएवढा एकेक ठिपका. तुम्ही एक श्वास घेतलात की तिथे एक आठवडा सरतो. पन्नासएक श्वास मोजेपर्यंत वर्ष उलटून जातं, आणि ठिपके आपले सावकाश तरंगत राहतात, पाण्यावर पडलेल्या फुलांसारखे.

असं गाव खरोखर होतं. ते शहरातल्या आरोग्य कार्यालयातून आलेल्या आमोंडी नावाच्या बाईंच्या लॅपटॉपमध्ये होतं, आणि तो लॅपटॉप सरोवरातल्या सिएंगा बेटावरच्या उंबराखाली, माशांच्या एका उपड्या खोक्यावर ठेवलेला होता.

खोक्याशेजारी वाळूत बसून अकेयो ते गाव बघत होती. अकेयो दहा वर्षांची. तिचं काम खरं तर पाखरं हाकलायचं. शेवटच्या खेपेचे ओमेना पावसात भिजले होते, म्हणून आईने ते बोटभर लांबीचे चंदेरी मासे जुन्या जाळ्यावर पुन्हा वाळत घातले होते, आणि बगळे टपूनच होते. पण पाखरांकडे एक डोळा आणि गावाकडे एक डोळा, असं अकेयोला जमायचं.

"वायो, हे लाल कोण?" तिने विचारलं. बापाच्या बहिणीला इथे वायो म्हणतात, आणि मान द्यायचा असला की पाहुण्या बाईलाही.

"लाल म्हणजे ज्यांच्या अंगात एचआयव्ही आहे," आमोंडी म्हणाल्या. "काहींना ते ठाऊकच नाही. काहींना ठाऊक आहे, पण गोळ्या घेत नाहीत."

"आणि निळे?"

"त्यांच्याही अंगात तोच आजार. पण ते रोज गोळी घेतात. रोज न चुकता घेतली की आजार गाढ झोपी जातो. इतका गाढ, की त्यांच्याकडून तो दुसऱ्या कुणाकडे जात नाही. पांढऱ्यांना तो आजार नाही."

हा आजार एका ताटात जेवून होत नाही, एकत्र पोहून होत नाही, हे बेटावरच्या पोरांना चालायला लागल्यापासून माहीत असतं. मोठी माणसं जोडप्याने राहतात तेव्हा तो एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो, आणि आईकडून पोटातल्या बाळाकडे. अकेयो निळे ठिपके निरखत राहिली. त्यांतला एक जरा हळू चालत होता. तिला वाटलं, ही आई असेल.

"हे चालतं कसं?" तिने विचारलं.

आमोंडींनी काडी घेतली आणि वाळूत एक टिंब काढलं. "हा एक लाल माणूस. निळा होण्याआधी त्याच्याकडून समज दोघांना आजार गेला. मग त्या दोघांकडून?"

"चौघांना."

"त्यांच्याकडून आठांना. पण प्रत्येकाकडून एकालाच गेला तर?"

"तर... तेवढेच राहतील."

"शाबास. आणि दोघांत मिळून एकालाच गेला तर? चाराचे दोन, दोनाचा एक, आणि मग संपलं. सगळं गणित त्या एकापाशी येऊन थांबतं बघ. एकाच्या वर गेलं की आग पसरते, एकाच्या खाली आलं की विझते. आम्ही गोळ्या देतो, तपासण्या करतो, बोटी पाठवतो, ते सगळं त्याला एकाच्या खाली दाबून धरायला." त्यांनी एक कळ दाबली. "मी आता या गावाला सांगितलं, औषधांची बोट महिन्याने नको, तीन महिन्यांनी येऊ दे. बघ काय होतं."

अकेयोने बघितलं. लाल ठिपके एकेक करून मावळत गेले.

"दिसलं? तीनशे अठरा माणसांच्या बेटाला महिन्याला बोट लागत नाही. ती जास्त वस्तीच्या किनाऱ्यावर जाईल. कार्यालयात शुक्रवारी ठरणार आहे. मी उद्या सकाळी निघते."

अकेयोच्या हातातली पाखरं हाकलायची काठी तशीच राहिली. एक बगळा येऊन मासा घेऊन गेला.

"अगं ए! पाखरं जेवायला बोलावलीस काय?" तिकडून आई ओरडली.

अकेयो धावत आईकडे गेली आणि तिला सगळं सांगितलं. आई म्हणजे आविनो, पण बेटावर सगळे तिला मिन अकेयो म्हणायचे, अकेयोची आई. ती खाली वाकून मासे उलथत होती. तिने मान वर केली नाही.

"तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देतील," ती म्हणाली. "ज्याला मिळाल्या त्याचं बरं. त्या दिवशी ज्याची चुकामूक झाली, त्याने काय करायचं? तू पोटात होतीस ना, तेव्हा बोट नव्हती. गोळ्यांसाठी सरोवर ओलांडून जायला लागायचं. एकदा वारा सुटला तो तीन दिवस थांबेना. माझी डबी रिकामी. मी इथेच बसून राहिले, पोटावर हात ठेवून. वाऱ्याला काय काय बोलले ते तुला सांगत नाही."

"मग?"

"मग काय. चौथ्या दिवशी पाणी निवलं आणि गेले. त्यानंतर एकही गोळी चुकवली नाही."

"म्हणून मी पांढरी?"

"पांढरी?" आईने आता तिच्याकडे बघितलं. "चांगली काळीभोर आहेस की गं. ऊन लागलं काय? बस त्या सावलीत."

अकेयो सावलीत बसली. दुपार कलली होती. किनारा निवांत होता, कुणी हाक मारत नव्हतं, कुणी भांडत नव्हतं. वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या एकमेकींना टेकून डुलकी काढत होत्या. लाट यायची, होडीच्या बुडाला हात लावायची, मागे जायची. अकेयोचे डोळे उघडेच होते, पण ती बघत होती ते गाव हे नव्हतं.

ती ठिपक्यांच्या गावात चालली होती. तिथली वाट मऊ होती आणि पावलांचा आवाज होत नव्हता. माणसं तिच्या बाजूने तरंगत जात होती, कुणी पांढरी, कुणी निळी, आणि तिला बघून थोडी झुकत होती. माशांचा वास नव्हता. पाखरं नव्हती. एका दारात निळी आई बसलेली होती. अकेयोने विचारलं, "इथे बोट कधी येते?" निळी आई म्हणाली, "कधीही येते. आम्ही सगळे घरीच असतो."

"सगळे?"

"सगळे. रोज. इथून कुणी कुठे जातच नाही."

"का जात नाही?"

निळ्या आईने वर बोट दाखवलं. अकेयोने वर पाहिलं. आकाश होतं, छान निळंभोर, पण धुतलेल्या ताटासारखं साफ. त्यात काहीच नव्हतं. तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत शोधलं. काहीच नाही.

लाटेचं पाणी पायाला लागलं आणि ती भानावर आली. समोर सरोवरावर, भर उजेडात, चंद्र वर आला होता. अजून पुरता गोल झालेला नव्हता. ताकाच्या फेसासारखा फिकट. अकेयो त्याच्याकडे बघत बसली आणि मग एकदम उठून उंबराकडे पळाली.

"वायो! तुमच्या गावात चंद्र नाही!"

आमोंडी हसल्या. "चंद्र कशाला हवा गं? आजाराला काय, उजेड असला काय नि नसला काय."

"आजाराला नाही. होड्यांना!" अकेयोला धाप लागली होती. "अंधार असला की होडीवर दिवा लावतात, मग ओमेना दिव्यापाशी गोळा होतात. चांदणं पडलं की मासे पांगतात, दिव्याला विचारत नाहीत. मग होड्या वर ओढून ठेवतात आणि होडीवरची माणसं आपापल्या घरी जातात. पलीकडे. कुणी या गावी, कुणी त्या गावी. अंधार पडायला लागला की परत येतात."

"आत्ता ते..."

"आत्ता ते गेलेत! तुम्ही आलात त्याच्या आदल्या दिवशी गेले."

आमोंडींचं हसू ओठांवरच राहिलं. त्या शहरात वाढलेल्या. सरोवर त्यांनी खिडकीतून पाहिलेलं. त्यांनी वहीची मागची पानं उलटली. पहिल्यांदा बेटावर मोजणी केली ती तारीख काढली, मग फोनवर त्या तारखेचा चंद्र शोधला. पौर्णिमेला दोन दिवस होते. दुसऱ्या मोजणीची तारीख. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीची.

"मला याच दिवसांत का बोलावलं?" त्या स्वतःशीच म्हणाल्या.

"कुणी बोलावलं? मी बोलावलं!" मागून आवाज आला. किनाऱ्याचे प्रमुख, जादुओंग ओसेवे, काठी टेकत येत होते. जादुओंग म्हणजे मोठे, वडीलधारे. बेटावर त्यांना दुसऱ्या कशानेही कुणी हाक मारत नसे. "पाहुण्यांना चांदण्यातच बोलवायचं असतं, माझ्या बापापासून चालत आलंय. अंधाऱ्या दिवसांत इथे असतं काय? सकाळी होड्या लागल्या की नुसती बोंबाबोंब. नंतर सगळे मेल्यासारखे झोपतात. पाहुणा मेला की जगला, चहासुद्धा कुणी विचारणार नाही. आता बघ, किनारा झाडून घेतलाय, सगळ्यांना बोलायला सवड. तुला त्रास झाला का काही? कोंबडी कमी पडली का?"

"कोंबडी छान होती, जादुओंग," आमोंडी म्हणाल्या. "माणसं कमी पडली."

त्या पुन्हा लॅपटॉपपुढे बसल्या. बराच वेळ नुसती बोटं चालली. "होडीवर किती जण असतात?" त्यांनी न बघता विचारलं.

"चौघं," अकेयो म्हणाली.

"आणि होड्या?"

अकेयो किनाऱ्याने पळत गेली, एकेका होडीला हात लावत, आणि परत आली. "त्रेपन्न."

आमोंडींनी आपल्या गावाला चंद्र दिला. तो पडद्यावर दिसला नाही, पण अकेयोला कळलं. कारण आता दर चार श्वासांनी पुष्कळ ठिपके उठायचे आणि थव्यासारखे सरोवरापलीकडे उडून जायचे. दोन श्वास तिकडे थांबायचे. मग परत यायचे. बोट यायची ती कधी भरल्या किनाऱ्यावर यायची, कधी रिकाम्या. रिकाम्या किनाऱ्यावर आली की परतलेल्यांचा निळा रंग फिकट होत जायचा, जांभळा व्हायचा, मग लाल. आणि तो लाल ठिपका पुढच्या थव्याबरोबर उडून पलीकडे जायचा.

"आता तीन महिन्यांची बोट," आमोंडी हळूच म्हणाल्या आणि कळ दाबली.

तिघं बघत राहिली. आई हात पुसत येऊन मागे उभी राहिली होती, तीही बघत होती. लाल मावळलं नाही. आधी जरा थांबलं, मग या कडेने त्या कडेने उगवत गेलं.

"असं का झालं?" आईने विचारलं.

"तीन महिने म्हणजे तीन चंद्र आणि वर दोन-तीन दिवस," आमोंडी म्हणाल्या. "म्हणजे बोट एकदा रिकाम्या किनाऱ्यावर आली की पुढच्या खेपेलाही जवळजवळ त्याच चंद्रात येणार. पुन्हा किनारा रिकामा. ज्याची एकदा चुकामूक झाली त्याची सहा महिने चुकामूक. महिन्याची बोट हवीच, आणि तीही तारीख बघून नाही, अंधाऱ्या दिवसांत, होड्या लागतात त्या सकाळी." त्यांनी वहीतला छापील कागद काढला. "जादुओंग, तीनशे अठरा खोडून नवा आकडा लिहिते. खाली तुमचा शिक्का लागेल."

जादुओंगांनी कागदाकडे बघितलं आणि शिक्क्याचा हात पाठीमागे घेतला.

"माझा शिक्का एकदा पडलाय. तीनशे अठरा. आमच्या बेटाची माणसं तेवढीच. ते होडीवरचे काही आमचे नाहीत. वारा येतो, वारा जातो. वाऱ्याला कोण मोजतं?"

"ते इथे राहतात, जादुओंग."

"राहतात कसले? जाळं टाकतात नि जातात. आणि शहरात काय म्हणतील? म्हाताऱ्याला धड मोजता येत नाही म्हणतील!"

"चूक माझी आहे. गाव मी बनवलं आणि वर बघायला विसरले. ते मी लिहीन."

"लिही. शिक्का नाही."

"शिक्का तुमचा आहे, जादुओंग," आई शांतपणे म्हणाली, "पण बोट आमची आहे."

जादुओंगांनी ऐकलं न ऐकलंसं केलं. काठीच्या टोकाने ते वाळूत खड्डा करत राहिले. आमोंडींनी लॅपटॉप मिटला. "शिक्क्याशिवाय हे सगळं माझ्या मनातलंच ठरेल," त्या आईला म्हणाल्या. "त्रेपन्न गुणिले चार कुणीही करेल. कार्यालयात विचारतील, ही माणसं आहेत कुठे? दाखवा. मी काय दाखवू? रिकाम्या होड्या?"

बगळ्यांची चंगळ चालली होती, पण त्यांना कुणी हाकललं नाही.

अकेयो जादुओंगांपाशी गेली. तिने त्यांचा काठी नसलेला हात धरला आणि ओढला.

"काय गं? कुठे?"

"इथेच." ती त्यांना वाळूवरच्या पहिल्या होडीपाशी घेऊन गेली. होडीच्या नाकाडावर पिवळ्या रंगात अहेरो असं तिचं नाव लिहिलं होतं. "जादुओंग, हिच्यावर कोण असतं? मी विसरले."

"विसरलीस? तुझं डोकं आहे की भोपळा? हिच्यावर तो ओग्वेनो नाही का! गातो तो. गाण्याने मासे पळवतो आणि मग दिव्यावर खापर फोडतो."

"आणि?"

"आणि त्याचा मेव्हणा, रादिंग. लंगडतो तो. मागच्या साली त्याला मुलगी झाली, माझ्याकडूनच साखर घेऊन गेला होता वाटायला, बदमाष. अजून डबा परत दिला नाही." जादुओंगांनी होडीच्या काठावर हात ठेवला. "तिसरा ओबुरा. हा बोलत नाही. चांगला मुलगा आहे, पण बोलायला पैसे पडतात त्याला. वाऱ्यात सापडलो होतो आम्ही एकदा, तेव्हा यानेच वल्हं सोडलं नाही. आणि चौथा पोरगा, नवीनच आलाय, काय त्याचं ते... न्यामोगो. आईला फोन करतो रोज, आणि रोज रडतो. मी म्हटलं त्याला, अरे रडतोस काय, माझ्या घरी येऊन जेवत जा."

"जेवतो?"

"तर! माझ्या वाटचंही जेवतो."

मागे खोक्यावर बसून आमोंडींनी वही उघडली होती आणि त्या भराभर लिहीत होत्या. ओग्वेनो. रादिंग. ओबुरा. न्यामोगो. पेनाचा आवाज जादुओंगांच्या कानावर गेला. ते थांबले. मान वळवून त्यांनी वहीकडे बघितलं, मग समोर वाळूवर ओळीने ठेवलेल्या होड्यांकडे बघितलं, शेवटच्या होडीपर्यंत. हात मात्र होडीवरून काढला नाही.

अकेयो दोन पावलं पुढे गेली, दुसऱ्या होडीच्या ओल्या लाकडावर तळवा ठेवला आणि म्हणाली, "आणि हिच्यावर कोण असतं, जादुओंग?"